थांबा, आधी हिचे होऊ द्या

मुलगी साडेतीन महिन्यांची असताना मी एक वही घेऊन पाळणाघरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला बसलो आणि तासाभरात सव्वीस प्रश्न झाले. एका व्यक्तीकडे किती बाळे असतात, आजारी मुलाचे काय करता, दूध कुठे ठेवता, कोण घेऊन जाऊ शकते, दार आतून कसे बंद होते, असे ते प्रश्न होते आणि त्यांतला एकही अनावश्यक नव्हता. वही मिटल्यावर मात्र ध्यानात आले की ज्या प्रश्नाने मला ती उघडायला लावली होती, तो तिच्यात कुठेच उतरला नव्हता. तिथले कोणी हिला जीव लावील का, आणि खरोखरच लावला तर आम्हाला ते सोसवेल का, असा तो प्रश्न होता. त्याची दोन्ही टोके एकाच वेळी टोचत होती आणि त्यांपैकी दुसरे टोक कोणाला बोलून दाखवण्यासारखे नव्हते.

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि दोघांनाही ती सोडायची नव्हती. हे वाक्य आता सरळ लिहिता येते, पण त्या दिवसांत ते आम्ही फार वळसे घेऊन बोलत होतो. हप्ते आहेत, पुढचा खर्च आहे, मध्ये खंड पडला तर परत उभे राहणे अवघड जाते, अशी सगळी खरी कारणे आम्ही पुढे करत होतो. पत्नीला तिचे काम आवडते आणि मला माझे, हे कारण सर्वांत शेवटी आणि जरा ओशाळून येत असे. याच काळात एक चुकीचा हिशेबही आमच्या घरात शिरला. पाळणाघराची फी आम्ही नकळत पत्नीच्या पगारासमोर मांडू लागलो, जणू मूल सांभाळण्याचा खर्च हा केवळ आईच्या नोकरीवरचा कर आहे. हे तिने एका रात्री शांतपणे लक्षात आणून दिले. ‘तुझ्या पगारातून वजा केले तर काय उरते, तेही एकदा लिही,’ एवढेच ती म्हणाली. मी लिहिले. फी तेवढीच राहिली, पण त्यानंतर फीविषयीची चर्चा बदलली.

आजीचा पर्याय सर्वांना सोपा वाटतो आणि तो आमच्यासमोर होताही. माझ्या आईने आपण होऊन विचारले होते. नाही म्हणण्याचे एक कारण तिचे गुडघे होते. सात-आठ किलोंचे बाळ दिवसातून पन्नास वेळा उचलणे हे प्रेमाचे नव्हे, सांध्यांचे काम आहे. दुसरे कारण मी तिला कधी सांगितले नाही. पाळणाघरातल्या बाईंना सूचना देता येते, मतभेद झाला तर तो बोलता येतो आणि अगदीच पटले नाही तर दुसरी सोय पाहता येते. आईला सूचना दिली की ती सूचना राहत नाही, तिचा हिशेब पार माझ्या बालपणापर्यंत मागे जातो. जिथे फी द्यावी लागते तिथे तक्रारीचा हक्कही मिळतो, आणि पहिल्या बाळाच्या घाबरलेल्या बापाला त्या हक्काची किंमत फार वाटते. आईने नकार समजुतीने घेतला. इतक्या समजुतीने, की तिलाही सुटल्यासारखे वाटले असावे, अशी शंका मला अजून येते.

घाबरलेला माणूस वाचत सुटतो, तसा मीही सुटलो. आईपासून दुरावलेल्या मुलांविषयी ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालाचा सारांश मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा रात्रीची झोप उडाली. दुसऱ्यांदा नीट वाचल्यावर कळले की त्या अहवालात प्रामुख्याने ज्यांचे घरच तुटले होते, जी संस्थांमध्ये किंवा दीर्घकाळ रुग्णालयांत वाढत होती, अशा मुलांचा विचार होता. सकाळी जाऊन संध्याकाळी आपल्याच घरी परतणाऱ्या बाळाला तो जसाच्या तसा लावणे म्हणजे उपासमारीवरचा अभ्यास वाचून जेवणाच्या वेळा बदलायला घाबरण्यासारखे होते. अपराधी मनाला मात्र असे फरक करायचे नसतात; त्याला केवळ आपल्याविरुद्धचा पुरावा गोळा करायचा असतो.

जो अभ्यास खरोखर आमच्या प्रश्नाचा होता, तो पुष्कळ नंतर सापडला. अमेरिकेतील राष्ट्रीय बालआरोग्य व मानवी विकास संस्थेने १९९१ मध्ये दहा ठिकाणच्या तेराशेहून अधिक नवजात मुलांची नोंद घेऊन त्यांचा पंधराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाळाला दिवसा दुसऱ्यांनी सांभाळले, एवढ्याच कारणाने आईशी असलेले त्याचे नाते कच्चे राहते, असे त्यांना आढळले नाही. आईचे बाळाकडे लक्ष किती, त्याच्या खुणा तिला किती कळतात, यावर ते अधिक अवलंबून होते. सांभाळ चांगल्या दर्जाचा असेल तर मुलांची भाषा थोडी पुढे होती आणि सांभाळाचे तास फार असतील तर हट्ट व भांडणे थोडी जास्त होती. दोन्ही परिणाम लहान होते आणि घरातल्या वातावरणाचा प्रभाव त्यांहून मोठा होता. हे वाचून मला हायसे वाटायला हवे होते आणि ते वाटलेही; पण सोबत एक विचित्र निराशा होती. आम्ही योग्य पाळणाघर शोधण्यासाठी एवढी धडपड करत होतो आणि शास्त्र सांगत होते की आधी संध्याकाळी सहानंतरच्या स्वतःकडे पाहा.

मनात घर करून राहिला तो मात्र एक जुना आणि छोटा अभ्यास. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन या मानसशास्त्रज्ञांनी ग्लासगोमधील साठ बाळांच्या घरी वारंवार जाऊन ती कोणाला कशी बिलगतात याच्या नोंदी घेतल्या आणि १९६४ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. दीड वर्षाच्या वयात एकाच माणसाला चिकटलेली बाळे त्यांना फार थोडी आढळली; बहुतेकांची वडील, आजी, आजोबा, भावंडे, शेजारी अशी अनेक हक्काची माणसे तयार झाली होती. आणि बाळ ज्याच्यासोबत सर्वाधिक तास घालवते त्यालाच सर्वाधिक बिलगते, असेही नव्हते. जो त्याच्या हाकेला लवकर आणि नेमके उत्तर देतो, त्याला ते बिलगते. तासांचा धसका घेतलेल्या माणसाला यात दिलासा आहे. पण त्याच निष्कर्षाची दुसरी बाजू अशी, की आमच्याहून लवकर आणि नेमके उत्तर देणारे कोणी भेटले तर बाळ तिकडेही झुकेल, आणि ते झुकणे योग्यच असेल. वहीत न लिहिलेला माझा प्रश्न नेमका हाच होता.

आम्ही तीन पाळणाघरे पाहिली. पहिल्या ठिकाणी बाळे पोटावर झोपवलेली होती. मी विचारले तेव्हा, ‘पोटावर छान गाढ झोपतात,’ असे प्रेमाने सांगण्यात आले. वर्षाच्या आतील बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी-पांघरुणाच्या ढिगाशिवाय झोपवावे, हे १९९० च्या दशकापासून देशोदेशी सांगितले जात आहे आणि जिथे ते पाळले गेले तिथे झोपेतले अकस्मात मृत्यू लक्षणीयरीत्या घटले आहेत. गाढ झोपणे हाच तर त्यातला धोका आहे. तिथल्या बाई वाईट नव्हत्या; त्यांच्या मायेविषयी मला आजही शंका नाही. माया पुरेशी नसते, हे मी तिथे पहिल्यांदा शिकलो आणि सव्वीस प्रश्नांची वही व्यर्थ नव्हती हेही.

दुसरे पाळणाघर देखणे होते. भिंतींवर प्राणी, जमिनीवर मऊ पट्ट्या, छापील माहितीपत्रक आणि आम्हाला सर्व दाखवायला तत्पर अशा संचालिका. माझ्या यादीतल्या जवळपास प्रत्येक प्रश्नाला तिथे बरोबर उत्तर मिळाले. चार बाळांमागे एक ताई असते, असेही सांगितले, आणि बाळांच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा ते प्रमाण खरे होते. वर्षाखालील तीन, फार तर चार बाळांमागे एक मोठे माणूस असावे, असे जाणकार सांगतात. माझा स्वतःचा हिशेब त्याहून कच्चा होता, की आग लागली तर एक माणूस दोन हातांत दोनच बाळे घेऊन धावू शकते. आम्ही उभे असताना कोपऱ्यातले एक बाळ रडू लागले. ताई त्याच्याकडे वळल्या, तेवढ्यात संचालिकांनी त्यांना आम्हाला खेळण्यांचे कपाट दाखवायला सांगितले आणि त्यांनी ते दाखवले. कपाट सुरेख होते. बाळाचे रडणे पूर्ण वेळ चालू राहिले आणि बाहेर पडेपर्यंत आम्ही दोघेही त्याविषयी काही बोललो नाही, याची लाज मला त्या पाळणाघरापेक्षा स्वतःचीच अधिक वाटते.

तिसऱ्या ठिकाणी आम्हाला दारातच थांबावे लागले. ठरलेल्या वेळी आम्ही पोचलो, तेव्हा साधारण पन्नाशीच्या मावशी एका बाळाचे लंगोट बदलत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, ‘थांबा, आधी हिचे होऊ द्या.’ मग बाळाकडे पाहून, ‘आता पाय उचलू या हं,’ असे म्हणाल्या आणि थोडे थांबून मगच पाय उचलला. पाच-सहा मिनिटे आम्ही चपला काढून उभे होतो. मला आधी थोडा रागच आला. वेळ ठरवून आलेल्या पालकांना कोणी असे ताटकळत ठेवते का? भिंतीचा रंग एका कोपऱ्यात उडालेला होता आणि माहितीपत्रक नव्हतेच. माझ्या यादीतल्या दोन-तीन प्रश्नांना मावशींनी ‘ते ऑफिसात विचारा’ असे उत्तर दिले. मात्र तुम्ही इथे किती वर्षे आहात, या प्रश्नाला त्या ‘अकरा’ म्हणाल्या आणि दुसऱ्या ताई ‘सहा’ म्हणाल्या. आज मला कोणी एकच प्रश्न विचारायला सांगितला तर मी हाच विचारीन, कारण बाळाला जीव लावायला माणूस आधी टिकावे लागते आणि ज्या ठिकाणी दर तीन महिन्यांनी हात बदलतात, तिथे भिंतींवरच्या प्राण्यांचा काही उपयोग नसतो.

घरी येऊन मी गुणांचा तक्ता केला आणि त्यात दुसरे पाळणाघर सहज पहिले आले. पत्नीने तक्ता वाचला आणि तिसऱ्याचे नाव घेतले. आमचे भांडण झाले. ती म्हणाली, ‘पाय उचलायच्या आधी त्यांनी बाळाला सांगितले. तुझ्या तक्त्यात त्याला रकाना कुठे आहे?’ रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या ठिकाणी नाव नोंदवले आणि नोंदवून बाहेर आल्यावर जे वाटले, ते इथे प्रामाणिकपणे लिहितो: मोकळे वाटले. त्या मोकळेपणाची चाहूल लागताच मागोमाग अपराधीपण आले, आणि ते आल्यावर पुन्हा थोडे बरे वाटले, कारण अपराधी वाटते म्हणजे आपण तसे वाईट बाप नसणार.

सुरुवात हळूहळू करायची असे ठरले होते. बर्लिन पद्धत म्हणून जी ओळखली जाते, तिच्याशी ते बरेच जुळत होते. त्या पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा वडील बाळासोबत खोलीतच बसतात आणि बाळाला सोडून जाण्याचा प्रयत्न करत नाहीत. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी निरोप घेऊन बाहेर पडतात, आणि तो दिवस सोमवार असेल तर एक दिवस पुढे ढकलतात, कारण मधल्या सुटीनंतर बाळाला जागा पुन्हा नवी झालेली असते. नियम करणाऱ्यांनी सोमवारचाही विचार केला होता, हे वाचून मला उगाचच भरून आले होते. निरोप घेऊन जायचे, नजर चुकवून सटकायचे नाही, हे मावशींनीही बजावले. सटकल्याने रडणे वाचते ते आपल्या कानांचे. बाळाला मात्र यापुढे सतत मागे वळून पाहावे लागते. साडेसहा महिन्यांची आमची मुलगी चौथ्या दिवशी मावशींच्या कडेवरून माझ्याकडे पाहत राहिली, हसली आणि त्यांच्या गळ्यातली माळ ओढू लागली. मी बाहेरच्या पायरीवर बसून दहा मिनिटे मोजली. ती रडली असती तर मी मोडून पडलो असतो. ती रडली नाही, तर मी त्यावरही नाराज होतो.

रडणे आले ते नवव्या महिन्यात. दोन-अडीच महिने आनंदाने जाणारे मूल एके सकाळी दारातच माझ्या सदऱ्याला घट्ट धरून किंचाळू लागले, आणि साहजिकच पहिला संशय पाळणाघरावर गेला. तिथे काही घडले का, कोणी ओरडले का, नवीन कोणी आले का, असे मी मावशींना खोदून खोदून विचारले. त्यांनी माझा सूर ओळखला असणार, पण उत्तर शांतपणे दिले, ‘आता तिला कळू लागले आहे, की तुम्ही दिसत नसलात तरी कुठेतरी असता.’ साधारण आठव्या महिन्यापासून ही समज येते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान विरहाची भीती तीव्र असते आणि पुढे ओसरते, हे मी वाचलेले होते. झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही हे बाळाला उमगते आणि त्यासोबतच, झाकलेले वडील परत कधी येतील हे मात्र कळत नाही. ते रडणे म्हणजे वाढ होती. हे सारे ठाऊक असूनही पुढचे तीन आठवडे मी रोज गाडीत बसून थोडा वेळ नुसता थांबत असे.

त्या दिवसांत मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगाने मला आधार दिला. वर्षभराच्या बाळाला अनोळखी खोलीत आईपासून काही मिनिटे दूर ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे, असा तो प्रयोग. आई निघाल्यावर बाळ किती रडते यावर त्यांचा भर नव्हता. आई परतल्यावर ते काय करते, हे त्यांना पाहायचे होते. झेपावते का, कुशीत शांत होते का आणि मग पुन्हा खेळायला उतरते का. मी सकाळचे गुण मोजत होतो, मोजायला हवी होती ती संध्याकाळ. संध्याकाळी ती मला पाहून आधी चेहरा वाकडा करी, कधी रडे, कडेवर आली की मान खांद्यात खुपसून काही क्षण निश्चल राही, आणि मग खाली उतरायला धडपडे, कारण दोरीला बांधलेल्या लाकडी हत्तीचा खेळ अर्धवट राहिलेला असे. आता मी घाई करत नाही. हत्तीचा खेळ पुरा होईपर्यंत आम्ही दोघे तिथेच बसतो.

आजारपणे आली, जशी सर्वांची येतात. लहान मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणे नेहमीचेच आहे आणि पाळणाघरात त्यांत भर पडते. या सर्द्या आता झाल्या तर शाळेच्या वयात कमी होतील, अशी आशा दाखवणारे अभ्यास आहेत. रजा कोणी घ्यायची यावरून झालेली भांडणे मात्र कोणत्याही अभ्यासात सापडली नाहीत.

आमच्या पाळणाघरात मोबाइलवर खोलीचे दृश्य पाहता येते. ही सोय आम्हाला फार मोठी वाटली होती. पहिल्या आठवड्यात एका बैठकीत मी टेबलाखाली मोबाइल धरून चाळीस मिनिटे ते दृश्य पाहिले. मुलगी पूर्ण वेळ झोपलेली होती. चाळीस मिनिटांनंतर माझ्या लक्षात आले की मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. मी मावशींच्या चुकीची वाट पाहत होतो, आणि ती न सापडल्याने बेचैन होत होतो. संध्याकाळी मावशींसमोर उभे राहताना अवघडल्यासारखे झाले, जणू मी त्यांचे पत्र चोरून वाचले होते. ते अॅप मी काढून टाकले. पत्नीने ठेवले आहे आणि ती ते क्वचित उघडते. यात तिचे बरोबर की माझे, ते अजून ठरलेले नाही.

मुलगी आता अकरा महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात ती घरी आपल्या कापडी अस्वलाला झोपवत होती. अस्वल आडवे, त्याच्या पोटावर तिचा तळहात आणि थोपटण्याची एक ठरावीक लय: तीन सावकाश थापा, मग एक विराम, मग पुन्हा तीन. ही लय आमची नव्हती. मी भरभर थोपटतो, पत्नी थोपटण्याऐवजी हात फिरवते. ज्या प्रश्नाला मी वर्षभर घाबरत होतो, त्याचे उत्तर माझ्यासमोर जमिनीवर बसून अस्वलाला झोपवत होते. छातीत काहीतरी चमकले, तो मत्सर होता हे मी मान्य करतो, पण त्यासोबत इतकी निश्चिंतता होती की दोन्ही वेगळी काढता येईनात.

दुसऱ्या दिवशी न्यायला गेलो, तेव्हा मावशींना विचारले, ‘तुम्ही तिला नेमके कसे थोपटता?’ त्यांना प्रश्नाचे थोडे नवल वाटले. त्यांनी माझा हात पुढे घेतला, त्यावर तीन थापा दिल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, ‘मधे थांबायचे असते, नाहीतर तिला वाटते आपल्याला घाई आहे.’ त्या रात्री मी तसेच करून पाहिले. ती झोपली नाही. डोळे उघडून माझ्या हाताकडे पाहत राहिली, मग तो हात तिने बाजूला सारला आणि कूस बदलून मी नेहमीसारखा भरभर थोपटण्याची वाट पाहू लागली.